हजार तासांचा कलश

माझी एक कादंबरी लिहायला मला सात वर्षे लागली. एका परीक्षणकर्त्याने त्या सात वर्षांचेच भरभरून कौतुक केले. कादंबरीबद्दल मात्र दोन ओळी. तेव्हापासून कलावंताच्या कष्टांचा हिशेब कुणी मांडू लागले, की मी सावध होतो. अॅडलेड रॉबिनो या अमेरिकन बाईंविषयी लिहिताना हीच अडचण येते. त्यांच्या 'स्कॅरब' कलशाचे नाव निघाले, की पाठोपाठ 'हजार तास' हे शब्द येतातच.

रॉबिनोबाई (१८६५–१९२९) आधी तयार चिनी भांड्यांवर चित्रे रंगवीत आणि ती कला शिकवीत. १८९९ साली पतीबरोबर त्यांनी 'केरॅमिक स्टुडिओ' हे मासिक काढले. दुसऱ्याने घडविलेल्या भांड्यावर आपण फक्त फुले काढायची, हे पुढे त्यांना पुरेना. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी त्यांनी स्वतःच पोर्सेलिन घडवायला घेतले. ही माती मोठी मानी. चाकावर सहजी उभी राहत नाही, सुकताना आकसते, भट्टीत वाकते. पण नीट भाजून निघाली, तर पातळ काठातून उजेड दिसतो.

'स्कॅरब' कलश १९१० साली सेंट लुईसजवळच्या युनिव्हर्सिटी सिटीत झाला. उंची सुमारे १७ इंच. माती पुरती सुकल्यावर, भाजण्याआधी, बाईंनी तो कोरला. अशी माती खडूसारखी. हात घसरला की सारे संपले. नक्षीत गोळा ढकलणारा शेणकिडा पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे कष्ट हाच इथे विषय आहे, हे मान्य केले पाहिजे.

पहिल्या भट्टीतून कलश निघाला तो बुडाशी तडकून. तिथले फ्रेंच कलावंत ताक्सिल दोआ यांनी सुचविले, की फटींत लुकण भरावे आणि वर मीना चढवावा. बाईंनी ऐकले नाही. पोर्सेलिनचीच पूड करून ती तड्यांत बसविली, नव्याने झिलई दिली आणि पुन्हा भाजले. कलश निर्दोष निघाला. यालाही लपविणेच म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. लुकण वरून झाकते. ही पूड आगीत जाऊन मूळ मातीशी एक झाली. १९११ साली तुरीनच्या प्रदर्शनात बाईंना सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

तरीही माझे मत सांगतो. मी कलश छायाचित्रातच पाहिला आहे, म्हणून जपून बोलतो. त्या नक्षीत डोळ्याला विसावा नाही. वर्गातल्या हुशार मुलीची वही पाहावी, एकही खाडाखोड नसावी आणि तरी काहीतरी चुकल्यासारखे वाटावे, तसे होते. त्यांची स्फटिकी झिलईची साधी भांडी मला अधिक आवडतात. झिलईत जस्त असते. भट्टी हळूहळू निवताना तिच्यात हिमकणांसारखी फुले उमलतात. कुठे आणि किती, ते बाईंच्या हाती नव्हते. आकार देऊन त्या थांबल्या, एवढेच. कलश कोरताना त्यांना थांबणे जमलेले दिसत नाही.

आज तो कलश सिरॅक्यूजच्या एव्हरसन संग्रहालयाच्या मालकीचा आहे. तिकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी वाचकाला तो पाहायला मिळाला, तर किड्यांची नक्षी मागाहून पाहावी. आधी बुडाशी वाकावे आणि तडे खरोखरच दिसत नाहीत का, ते मला कळवावे.