उसन्या डोळ्यांनी पाहिलेला सिनेमा

आजचा विषय तुम्हाला हलकाफुलका वाटेल, पण तो आपल्या सिनेमा बघण्याच्या सवयीशी जोडलेला आहे. जानेवारी आला की आम्हा सिनेवेड्यांच्या डोक्यात एकच खूळ शिरतं, ते म्हणजे ऑस्कर. नामांकनं जाहीर होतात, वहीत दोन रकाने आखले जातात. एकात कोण जिंकेल, दुसऱ्यात कोण जिंकायला हवं. आणि मग एका सोमवारी भल्या पहाटे चहाचा कप घेऊन आम्ही पडद्यासमोर हजर! (हशा) हसताय, पण तुमच्यातही असे बरेच आहेत.

या खुळाने आपल्याला काही दिलं नाही असं नाही. २०१२ मध्ये 'अ सेपरेशन'ला पुरस्कार मिळाला आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा इराणी सिनेमा पाहिला. २०२० मध्ये 'पॅरासाइट' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. इंग्रजी नसलेल्या चित्रपटाला तो मान पहिल्यांदाच मिळाला. त्यानंतर घराघरांत कोरियन सिनेमाची चर्चा सुरू झाली. पुरस्कार दार उघडतो, हे मान्यच करायला हवं.

पण ज्या निकालासाठी आपण पहाटे उठतो, तो ठरतो कसा? सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी सदस्य एकच नाव देत नाहीत, पसंतीक्रम लावतात. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली, तर तळातला चित्रपट बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. बहुमत होईपर्यंत हे असंच चालतं. म्हणजे काहींचा जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसा, असा चित्रपट मागे पडू शकतो. सगळ्यांच्या यादीत दुसरा-तिसरा असणारा पुढे सरकू शकतो. आता याहून गंमत बघा. अंतिम मतदानात ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले सगळे चित्रपट पाहिलेले असलेच पाहिजेत, हा नियम सर्व विभागांना लागू करायचं अकादमीने जाहीर केलं ते २०२५ च्या एप्रिलमध्ये! त्याआधी आमच्यातला वही घेऊन बसलेला एखादा चाहता काही मतदारांपेक्षा जास्त तयारीचा असणार, यात शंका नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' भारताची प्रवेशिका म्हणून गेला. एका सफाई कामगाराचा मृतदेह गटारात सापडतो, आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा खटला उभा राहतो. वीरा साथीदारांनी रंगवलेला तो शाहीर आठवतो ना? त्या दिवसांत आम्ही मित्र जमलो की काय बोलायचो? "फार संथ आहे, तिकडे चालेल का?" "कॅमेरा हलतच नाही, त्यांना कंटाळा येईल." "मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी, एवढ्या भाषा उपशीर्षकांत कशा कळणार?"

लक्षात येतंय का? चित्रपट आपल्या शहराचा, न्यायालय आपल्या ओळखीचं, भाषा आपली. आणि आम्ही तो पाहत होतो कॅलिफोर्नियातल्या कुणा अनोळखी मतदाराच्या डोळ्यांनी! खरं तर कॅमेरा हलत नाही तेच त्या चित्रपटाचं म्हणणं आहे. तारखेवर तारीख पडते, माणसं बाकावर ताटकळतात, आणि आपल्यालाही तिथेच बसवून ठेवलं जातं. सरकारी वकील बाई कोर्टातून निघून घरी येतात, स्वयंपाकाला लागतात. आणि मग आपल्याला कळतं की अन्याय करायला खलनायक लागतोच असं नाही, साधी नोकरी करणारी माणसंही पुरतात. हे आम्ही बोललो का? नाही बोललो. पुढे पहिल्या नऊ चित्रपटांच्या यादीत 'कोर्ट'चं नाव आलं नाही, आणि आमच्या गप्पांतून तो चित्रपटच गेला. हरलेल्या घोड्याबद्दल कोण बोलतो?

२०२४ मध्ये पुन्हा तेच. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कानमध्ये ग्रां प्री मिळालं, पण भारताने 'लापता लेडीज' पाठवला. तेव्हा एका देशाला एकच प्रवेशिका पाठवता येत होती, त्यामुळे वाद पेटला. निवड समितीवर टीका व्हायलाच हवी. पण वाद सप्टेंबरमध्ये झाला आणि चित्रपट देशभर लागला नोव्हेंबरमध्ये. ज्याच्यासाठी आपण भांडत होतो, तो आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलाच नव्हता. मुंबईतल्या परिचारिका, गिरणगावातलं घर सोडून कोकणात परतणारी पार्वती, म्हणजे छाया कदम, यांच्याबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा आपला उत्साह संपला होता.

म्हणून आम्ही आता वहीत तिसरा रकाना आखलाय. निकालाआधी प्रत्येक चित्रपटापुढे एकच ओळ लिहायची: यातलं आपल्याला काय लागलं. पहिले दोन रकाने निकालाच्या दिवशी शिळे होतात, हा तिसरा होत नाही. 'कोर्ट'पुढची ओळ आम्ही दहा वर्षं उशिरा लिहिली. तुम्ही एवढा उशीर करू नका. पहाटे जरूर उठा, पैजा लावा, ओरडा. फक्त डोळे आपलेच ठेवा.