मंच, पीठ व रंग : उच्चस्थानवाचक शब्दांचें परीक्षण

जुन्या कागदपत्रांच्या याद्या, बखरींच्या नव्या आवृत्त्या आणि देवळांचीं वर्णनें हल्लीं ज्या भाषेंत लिहिलीं जातात, तींत वक्ता किंवा नट ज्या उंच जागेवर असतो तिला 'व्यासपीठ', 'मंच' आणि 'रंगमंच' हीं तीन नांवें सरसकट दिलेलीं आढळतात. पुराणिकाची बैठक असो, दरबारांतील चौथरा असो, कीं देवळापुढील ओटा असो. लेखणींतून यांपैकीं एखादा शब्द उतरतो आणि मूळचा शब्द लुप्त होतो. ही केवळ शैलीची बाब असती तर तिची दखल घेण्याचें कारण नव्हतें. परंतु ती जागा कशाची होती, तिच्यावर कोण बसे, कोण उभा राही आणि समोरचे लोक कोठें असत, एवढा मजकूर तिच्या नांवांत साठविलेला असतो. नांव बदललें कीं हा पुरावा नाहींसा होतो. म्हणून या शब्दांचें परीक्षण येथें योजिलें आहे.

प्रथम 'मंच' घेऊं. आज मंचावर जाणें म्हणजे लोकांपुढें येणें. जुन्या संस्कृत ग्रंथांत स्थिति बहुतांशीं उलट आहे. महाभारताच्या आदिपर्वांत द्रौपदीच्या स्वयंवरास आलेले राजे मंचांवर बसले आहेत. रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत इंदुमतीच्या स्वयंवराचे राजेहि मंचांवरच आहेत. भागवताच्या दशम स्कंधांत मथुरेंत जे शृंगारलेले मंच उभारले आहेत ते मल्लांकरितां नव्हत. ते नागरिक, मांडलिक राजे आणि खुद्द कंस यांच्याकरितां आहेत. मल्ल उतरतात ते रंगांत. म्हणजे मंच हा पाहणाराचा आणि रंग हा करणाराचा. 'रंगमंच' या समासानें समोरासमोरच्या या दोन जागा एकीवर एक रचल्या आहेत.

मराठींत या शब्दाची जी संतति आहे तीहि हेंच सांगते. माच, माचा, माची, मंचक हे शब्द पाहा. शेताच्या राखणीचा माचा, निजावयाचा मंचक, राजगडाच्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या. यांतील एकाहि ठिकाणीं भाषणाचा किंवा नाट्याचा संबंध नाहीं. उंच, सपाट आणि आधारावर तोललेली जागा एवढाच यांचा समान अर्थ आहे.

नटाच्या जागेला शास्त्राचा शब्द नव्हता असें मात्र नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय याच विषयाचा आहे. चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद अशा मध्यम विकृष्ट नाट्यमंडपाचे दोन भाग करून मागील भागांत रंगपीठ, रंगशीर्ष व नेपथ्य यांची योजना त्यानें सांगितली आहे. रंगशीर्ष विकृष्ट मंडपांत उंच व चतुरस्रांत सम असावें, असाहि भेद तो करतो. परंतु त्याच अध्यायांत प्रेक्षकांसाठीं विटा व लांकूड यांचीं पायऱ्यांसारखीं जीं आसनें सांगितलीं आहेत, त्यांसहि 'पीठक' हाच शब्द आहे. तेव्हां 'पीठ' हा शब्द दिसला कीं तेथें नट किंवा वक्ता असलाच पाहिजे, असें अनुमान भरताच्या ग्रंथानेंहि टिकत नाहीं.

दगडाची साक्ष पाहावयाची तर गोरेगांवच्या वाचकास फार दूर जाण्याचें कारण नाहीं. त्याच्या ईशान्येस असलेल्या कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत लेणें व पाण्याची पोढी यांच्या जोडीला 'आसनपेढिका' दान दिल्याचा उल्लेख येतो. पेढिका म्हणजे बसण्याचा कोरीव ओटा. सराफाच्या बैठकीला मराठींत जी 'पेढी' म्हणतात ती याच कुळांतली होय, असें आम्ही समजतों. याच डोंगरांतील अकराव्या क्रमांकाच्या लेण्यांत दोन लांब, बुटके दगडी ओटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले आहेत. या लेण्यास लोक 'दरबार' म्हणतात. भिक्षूंच्या या वस्तींत राजाचा दरबार कोठून असणार? ओटे दिसले, मानाची बैठक आठवली आणि नांव पडलें. लोकांनीं असें नांव द्यावें यांत गैर कांहीं नाहीं. परंतु वर्णन करणारानें 'पेढिका' हा लेखांतला शब्द टाकून 'दरबार' हा लोकांतला शब्द उचलावा, यासच आमचा आक्षेप आहे.

याच्या उलट खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा दाखला आहे. तेथील स्वर्गमंडपांत खांबांच्या वर्तुळामध्यें जी वाटोळी शिला आहे ती 'रंगशिला' म्हणून ओळखली जाते. या नांवांत द्रव्य आहे, उपयोग आहे आणि जागाहि आहे. तिला 'रंगमंच' म्हटल्यानें अर्थांत कांहींच भर पडत नाहीं. उलट शिला गेली आणि लांकडी फळ्या आल्या, असा भास मात्र होतो.

आतां 'व्यासपीठ'. हा शब्द मूळचा पुराणिकाचा. पुराण सांगणारा व्यासाच्या जागीं बसतो म्हणून त्याच्या आसनास व्यासपीठ म्हणावयाचें. येथें दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, पीठ हें बसण्याचें असतें. दुसरी, तें व्यक्तीचें नसून परंपरेचें असतें. त्यावर बसणारा स्वतःचें मत सांगण्यास बसलेला नसतो. हरिदासाची रीति निराळी. तो उभा राहून कीर्तन करतो आणि त्याच्या जागेला 'नारदाची गादी' म्हणतात. पोथी पुढें घेऊन बसणारा पुराणिक आणि टाळ-चिपळ्या घेऊन उभा राहणारा हरिदास यांचा भेद या दोन नांवांनीं शतकानुशतकें जपला. आज सभेंत उभा राहून स्वतःचें मत सांगणारा वक्ताहि 'व्यासपीठावर' असतो. इतकेंच नव्हे तर जेथें आसन नाहीं, चौथरा नाहीं, अशा विचारविनिमयाच्या कोणत्याहि सोयीसहि व्यासपीठ म्हणतात. भाषेची ही वाढ आम्हांस मान्य आहे. परंतु देवस्थानच्या जमाखर्चांत पुराणिकाच्या बैठकीचा खर्च असेल आणि सारांशांत 'व्यासपीठाचा खर्च' असें पडेल, तर आजचा वाचक तेथें सभा भरली असें समजेल.

दरबाराचे शब्द आणखी सूक्ष्म आहेत. 'सदर' हा अरबी शब्द मूळचा छातीचा, म्हणून पुढच्या व मानाच्या जागेचा, 'तख्त' फारसी, 'चौथरा' बांधकामाचा. गांवगाड्यांत पार झाडाभोवतीं असतो, ओटा घराला किंवा देवळाला लागून असतो. कोंकण-गोव्याकडील 'मांड' आणि तमाशाचा 'फड' यांस तर उंची असावीच लागत नाहीं. ती जागा मानानें किंवा जमावानें ठरते. या साऱ्यांस 'मंच' म्हणणें म्हणजे साऱ्या नाण्यांस 'पैसे' म्हणून पिशवींत टाकणें होय.

नाटकाच्या बाबतींत मराठीनें आपला विवेक बराच राखला आहे, हें येथें आनंदानें नमूद करतों. विष्णुदास भावे यांनीं १८४३ मध्यें सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें. त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा दिवस 'मराठी रंगभूमि दिन' म्हणून पाळतात. २७ मार्चच्या जागतिक दिनास हिंदींत 'विश्व रंगमंच दिवस' व मराठींत 'जागतिक रंगभूमि दिन' म्हणतात. रंगभूमि म्हणजे सारा नाट्यव्यवहार. फळ्यांचा चौथरा हा त्याचा एक अवयव. गोरेगांवच्या टेकड्यांत १९७७ मध्यें स्थापन झालेली व २००१ पासून दादासाहेब फाळके यांचें नांव धारण करणारी चित्रनगरी ज्या महामंडळाकडे आहे, त्याच्या इंग्रजी नांवांत 'स्टेज' हा शब्द आहे आणि मराठी नांवांत त्या जागीं 'रंगभूमि' आहे. हें नांव घडविणारानें शब्द न पाहतां अर्थ पाहिला, म्हणून तो प्रशंसेस पात्र आहे. परंतु चित्रपटाच्या धंद्यांत चित्रीकरणाच्या बंद दालनासहि 'स्टेज' म्हणतात, आणि तेथें जमिनीहून उंच असें कांहीं असावेंच लागत नाहीं. अशा दालनाच्या करारपत्राच्या सारांशांत कोणी 'रंगमंच भाड्यानें दिला' असें लिहिलें, तर शंभर वर्षांनंतरचा संशोधक चित्रनगरींत नाट्यगृह शोधीत बसेल.

संग्राहकास याचा प्रत्यक्ष तोटा आहे. एखादा कागद अठराव्या शतकाचा म्हणून पुढें आला आणि त्यांत खेळ 'रंगमंचावर' झाल्याचें असलें, तर त्याची शाई व वळण पाहण्यापूर्वीं तो शब्द पाहावा. तेवढ्यानेंच शंका घेण्यास पुरेसें कारण मिळतें. परंतु तो शब्द मूळ कागदांत नसून यादी करणारानें घातलेला असेल, तर अस्सल कागद विनाकारण संशयास पात्र होतो. नकलेचा उपयोग करणारास मूळ पाहावयास मिळतेंच असें नाहीं. म्हणून नक्कल करणाराची जबाबदारी येथें दुप्पट आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, आजच्या वाचकास समजेल असा शब्द नको काय? जरूर हवा. शिवकालीन राज्यव्यवहारकोशानें या अडचणीचा मार्ग पूर्वींच दाखविला आहे. दहा वर्गांच्या त्या कोशांत रूढ यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. परंतु पर्यायाशेजारीं रूढ शब्दहि ठेवला. म्हणूनच तो कोश आज दोन्ही भाषांचा साक्षीदार आहे. हीच रीति आम्ही यादी करणारांस सुचवितों. मूळ शब्द जसाच्या तसा लिहावा. त्यापुढें आजचा अर्थ द्यावा. वस्तु समोर असेल तर तिचें द्रव्य व उंची मोजून नोंदवावी. आणि कागदांतून कळत असेल तर बसणारा कोण व उभा राहणारा कोण, हें सांगावें. एवढें केलें तर 'मंच' आणि 'व्यासपीठ' हे शब्द सभांच्या निमंत्रणपत्रिकांवर सुखानें नांदोत. त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. दप्तरांत मात्र माची ही माचीच राहावी आणि पेढी ही पेढीच.