मालदीवचा हरित कर : एक चिकित्सा

पर्यटनामुळे होणारी हानी पर्यटकानेच भरून द्यावी, हे तत्त्व वरकरणी इतके न्याय्य वाटते की त्याच्या परिणामांची चिकित्सा सहसा होत नाही. मालदीवचा हरित कर हा या तत्त्वाचा ठळक नमुना होय. नोव्हेंबर २०१५ पासून रिसॉर्टमध्ये उतरणाऱ्या परदेशी पर्यटकाकडून दरदिवशी ६ डॉलर घेण्यात येऊ लागले. जानेवारी २०२५ पासून हा दर १२ डॉलर झाला. कचऱ्याची विल्हेवाट, पाणीपुरवठा व सांडपाणी, किनाऱ्याचे रक्षण ही कामे या उत्पन्नातून व्हावीत, असा हेतू आहे.

या कराचे महत्त्व तेथील पर्यटनाच्या घडणीत आहे. १९७२ मध्ये पहिले रिसॉर्ट निघाले, तेव्हापासून निर्जन बेटे पट्ट्याने देण्याची पद्धत रूढ झाली. वस्तीच्या बेटांवर निषिद्ध असलेले मद्य रिसॉर्टच्या बेटांवर चालते. इस्लामी समाजजीवन व परकीयांचा विलास यांत असे अंतर राखले गेले. परंतु आचाराच्या या विभागणीबरोबर संपत्तीचीही विभागणी झाली. रिसॉर्टने आपली वीज व गोडे पाणी स्वतः निर्माण केले. वस्तीच्या बेटांवरील कचरा व पाणी यांचा प्रश्न मात्र शासनाच्या माथी राहिला. एकीकडील धन दुसरीकडे वळविण्याचा मार्ग या कराने काढला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

दोष आहे तो आकारणीच्या पद्धतीत. कर माणशी व दिवसागणिक असल्यामुळे, दर स्थिर असता, माणसे किंवा त्यांच्या मुक्कामाचे दिवस वाढल्याखेरीज निधी वाढत नाही. २०२४ मध्ये पर्यटकांची संख्या २० लाखांवर गेली; म्हणजे ज्या भारापासून बेटांचे रक्षण करावयाचे, त्याच भारावर रक्षणाचा खर्च अवलंबून राहिला. उलट, २०२० मध्ये मार्चअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत परदेशी पर्यटकांस देश बंद होता. त्या काळात उत्पन्नाचा झरा आटला; किनाऱ्याची धूप काही थांबली नाही. १९९८ व २०१६ मध्ये प्रवाळ पांढरे पडले ते समुद्र तापल्यामुळे. अशी आपत्ती पर्यटकांच्या संख्येचा हिशेब पाहून येत नाही.

यावरील उपायाचा एक अंश मालदीवमध्येच आढळतो. बा प्रवाळद्वीपातील हनिफारू उपसागरात मांटा पाकटे पाहण्यास जाणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाते, पण त्याबरोबर माणसांच्या संख्येवरही मर्यादा आहे. दुसरा अंश इस्लामी परंपरेतील वक्फच्या कल्पनेत आहे : मूळ ठेव अबाधित राखावी आणि तिच्या उत्पन्नातून लोकोपयोगी कार्य चालवावे. वस्तीच्या बेटांच्या गरजा आजच्या आहेत, त्यांना तहानलेले ठेवून पैसा साठविणे योग्य नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि भरभराटीच्या वर्षांतील कराचा काही भाग तरी अशा अक्षय ठेवीत गेला पाहिजे. तसे न झाल्यास, पर्यटक न आलेल्या वर्षी समुद्राशी झुंजण्याची पाळी आल्यास बेटांच्या हाती काहीच उरणार नाही.