शनिवारवाड्याचं ड्रॉइंग कोणी काढलं?

(दिघी येथे झालेल्या व्याख्यानाचं संक्षिप्त शब्दांकन)

आजचा विषय आहे राजवाड्यांची जुनी रेखाटनं. दिघीत या विषयावर बोलताना माझी एक सोय आहे. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करतात. ड्रॉइंग हातात आलं की तुम्ही आधी काय बघता? उजवीकडचा खालचा चौकोन. कोणी काढलं, कोणी तपासलं, तारीख काय, रिव्हिजन कितवं. ते नसेल तर जॉब मशीनवर चढवत नाही. राजवाड्याच्या चित्रालाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं आहे. आपण ते विचारत नाही. चित्र जुनं आहे, देखणं आहे, म्हणजे खरंच असणार, असं धरून चालतो.

आधी इटलीतलं एक उदाहरण घेतो, कारण तिथे वास्तुविशारदाची स्वतःची रेखाटनं टिकली आहेत. सोळाव्या शतकात आंद्रेआ पॅलाडिओने व्हिचेन्झा शहरात इसेप्पो दा पोर्तो या उमरावासाठी वाडा रचला. पुढे १५७० साली स्वतःच्या ग्रंथात त्याने त्या वाड्याची रेखाटनं छापली. त्यांत पुढे एक घर आहे, मागे तसंच दुसरं, आणि मध्ये भव्य खांबांचा चौक. पण आज व्हिचेन्झात गेलात तर पुढचा भाग तेवढा दिसतो. तो चौक आणि मागचं घर कधी बांधलंच गेलं नाही! मग पॅलाडिओ खोटं बोलला का? तसं नाही. वाडा कसा व्हायला हवा होता, ते त्याने छापलं. याच वाड्याची त्याच्या हातची रेखाटनं लंडनमध्ये आहेत, त्यांत दर्शनी भागाचे निरनिराळे पर्याय दिसतात. म्हणजे रिव्हिजनही हाताशी आहेत आणि वाडाही उभा आहे. दोन्ही समोर ठेवून ताडून बघता येतं.

आता शनिवारवाड्याकडे या. जानेवारी १७३० मध्ये पायाभरणी, जानेवारी १७३२ मध्ये वास्तुशांत. पेशव्यांच्या कागदपत्रांत कारागिरांची नावं आहेत: शिवराम कृष्ण, देवजी, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, नक्षीकामाला जयपूरचा भोजराज, भिंती रंगवायला राघो. हे लोक कसं काम करत होते? आपल्या वाड्याचं माप म्हणजे खण. दोन खांबांमधलं अंतर ठरलं की तुळई ठरली, सोपा ठरला, चौक ठरला. ‘इतक्या खणांचा सोपा’ म्हटलं की सुताराला बाकीचं सांगावं लागत नसे. हे कौशल्य हातात आणि दोरीत होतं. नावं हिशेबात राहिली, हात मात्र गेले.

२७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि लाकडाचा तो सगळा संसार जळून गेला. मग आतला वाडा आपल्याला कुठून माहीत? ‘गणेश महाल’ म्हणून पुस्तकांत बहुतेक वेळा जे चित्र छापतात, ते टॉमस डॅनियलचं आहे. १७९० साली टिपूविरुद्ध पेशवे आणि इंग्रज यांचा तह झाला, त्या दरबाराचं चित्र. मूळ तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

याचा खालचा चौकोन भरून बघू. तारीख: १८०५, म्हणजे दरबारानंतर पंधरा वर्षांनी. कोणी काढलं? डॅनियलने, आणि तो त्या दरबारात नव्हता. आधार कशाचा? जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांचा. वेल्स पुण्यात राहिला, त्याने सवाई माधवरावांची, नाना फडणवीसांची चित्रं काढली. पण तो हिंदुस्थानात पोचला १७९१ मध्ये, म्हणजे दरबार त्यानेही पाहिला नाही. १७९५ ला तो वारला. काम कोणासाठी? पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी, आणि चित्राच्या नावात पहिलं नाव मॅलेटचंच आहे.

म्हणजे चित्र टाकाऊ का? मुळीच नाही. वेल्सने महाल पाहिला होता. जमिनीवर बसलेली माणसं आणि बाजूचा खांब यांचं प्रमाण बघा. हा बैठकीचा महाल आहे, खुर्चीचा नाही, हे त्यातून कळतं. पण महालाची खोली, उंची, गर्दीची मांडणी यांना मी माप म्हणणार नाही. तो मॅलेटच्या पराक्रमाचा रंगमंच आहे, आणि रंगमंच नाटकाला हवा तेवढा मोठा करता येतो.

वेल्सच्याच बरोबर काम करणारा आपला गंगाराम चिंतामण तांबट घ्या. त्याने मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली. तीही गोऱ्या साहेबासाठीच, पण लेणी जागेवर आहेत. गंगाराम कुठे चुकला, कुठे नेमका होता, हे आज कोणीही जाऊन तपासू शकतो. डॅनियलच्या महालाला ती कसोटी उरलेली नाही.

अर्धी कसोटी मात्र उरली आहे. १९१९ मध्ये वाडा संरक्षित स्मारक झाला, पुढे उत्खननात जोती उघडी पडली. ती जोती म्हणजे एकास एक स्केलचा प्लॅन आहे. भिंत कुठे होती, चौक केवढा होता, हे तिथे मोजता येतं. पण वर किती मजले, छत कसं, रंग कोणता, हे जोतं सांगत नाही.

आणि इथेच माझी तक्रार आहे. मोबाइलवर संगणकाने उभारलेला शनिवारवाडा फिरतो. सगळे मजले, सगळे झरोके, सगळं सारख्याच खात्रीने दाखवलेलं. मुलं तोच खरा समजतात. करणाऱ्यांची मेहनत मोठी आहे, पण त्यांनी चार रंग वापरावेत: जोत्यावरून कळलेलं एक, कागदांवरून कळलेलं दुसरं, चित्रावरून घेतलेलं तिसरं, आणि स्वतःच्या कल्पनेचं चौथं. चौथा रंग जास्त दिसला तर दिसू दे. पॅलाडिओने कल्पनाच छापली, पण त्याची कल्पना कुठे संपते ते आपल्याला व्हिचेन्झात दिसतं. इथे तो फरक चित्र करणाऱ्यानेच दाखवायला हवा.

शेवटचं सांगतो. आपल्या गावठाणांत अजून जुने वाडे, जुनी घरं आहेत, आणि बिल्डिंगसाठी ती पाडली जात आहेत. पाडायच्या आधी एक रविवार काढा. टेप, आलेखाचा कागद, पेन्सिल घ्या. खण मोजा, तळखडे मोजा, जिन्याच्या पायऱ्या मोजा. खाली उजवीकडे नाव आणि तारीख लिहा, आणि जे मोजता आलं नाही तिथे ‘मोजलं नाही’ असं लिहा. ड्रॉइंग वाचणारी इतकी माणसं ज्या गावात आहेत, तिथे हे काम बाहेरच्या कोणासाठी थांबायला नको.