सुफेन म्हणजे चांगले पाणी?

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकात, कार्बनी संयुगांच्या प्रकरणात, साबणाचे दोन छोटे प्रयोग आहेत. पहिल्यात पावसाचे आणि हातपंपाचे पाणी घेऊन साबणाचा फेस पाहायचा. दुसऱ्यात दुष्फेन पाण्याच्या एका परीक्षानळीत साबण, दुसरीत डिटर्जंट घालून फरक नोंदवायचा. कोणत्याही शाळेत करता येतील असे हे प्रयोग आहेत, हा त्यांचा मोठा गुण. परंतु पाण्यातल्या कॅल्शियमचे पुढे काय होते, हा प्रश्न ते पुरता विचारत नाहीत.

साबणाशी संयोग पावून कॅल्शियमचा न विरघळणारा साका बनतो. तेच पाणी उकळले तर बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक भांड्याला धरतात. डिटर्जंटबरोबर कॅल्शियम बहुतांशी विरघळलेलेच राहते. शिवाय अशा पृष्ठसक्रिय पदार्थांचे रेणू वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून नव्या आयनांच्या जागा अडवू शकतात. मग वाढ मंदावते. काही पैलूंची अधिक मंदावली तर स्फटिकाचा आकारही बदलतो. आपल्याकडे स्फटिकीभवन मात्र खालच्या इयत्तेत मोरचुदाबरोबरच संपते. साबणाशी त्याची गाठ पडतच नाही.

आणखी एक उणीव. बाजारातल्या डिटर्जंट पावडरीत बहुधा धुण्याचा सोडा असतो आणि तो स्वतःच कॅल्शियम कार्बोनेटचा साका पाडतो. परीक्षानळीत गढूळपणा दिसला तर तो कशाचा, हे मुलांनी ओळखावे कसे? एका नळीत नुसत्या सोड्याचे द्रावण घालून तुलना करावी, एवढे एक वाक्य पुरेसे होते.

पण सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आमच्या परिभाषेवरच आहे. 'सुफेन' आणि 'दुष्फेन' या शब्दांत सु आणि दुस् आहेत. विद्यार्थी सहज समजतो की फेस आला म्हणजे पाणी चांगले. यवतमाळ जिल्ह्यात हा समज घातक ठरू शकतो. पांढरकवडा परिसरासह जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आढळते. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फारच थोडे विरघळते. म्हणून कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइडच्या प्रमाणाला मर्यादा पडते. कॅल्शियम कमी असेल तर ती मर्यादा सैल होते. म्हणजे छान फेसाळणाऱ्या भूजलातही फ्लोराइड जास्त असू शकते. दुष्फेन पाणी त्यापासून मुक्त असते असेही नाही. फेसाची परीक्षा फ्लोराइडबद्दल काहीच सांगत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात, हाडांचे विकार होतात.

शिक्षकांना आमची विनंती अशी: हे प्रयोग जरूर करावेत, पण फळ्यावर दोन प्रश्न लिहूनच. कॅल्शियम कोठे गेले? आणि या परीक्षेने काय कळले नाही? दुसऱ्याचे उत्तर परीक्षानळीत मिळणार नाही. त्यासाठी गावच्या हातपंपाचे पाणी पाणी-तपासणी प्रयोगशाळेतच पाठवावे लागेल.