आयराकाकांनी काय सांगायचे?

रबरी राक्षस, दोरीला टांगलेल्या तबकड्या आणि किंचाळणारी नायिका म्हणजे १९५०च्या दशकातील स्वस्त अमेरिकन विज्ञान-भयपट, असे समीकरण होऊन बसले आहे. पण पैशाची चणचण कधीकधी दिग्दर्शकाला थेट मर्माकडे नेते. डॉन सीगल यांचा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६) हा कृष्णधवल चित्रपट याचे उत्तम उदाहरण आहे. खर्च चार लाख डॉलरच्या आत आणि चित्रीकरण जेमतेम तीन-साडेतीन आठवड्यांचे.

कॅलिफोर्नियातील सांता मिरा या काल्पनिक गावात डॉक्टर माइल्स बेनेलकडे विल्मा तक्रार करते : हे माझे आयराकाका नव्हेत. चेहरा तोच, आवाज तोच, आठवणीही त्याच; फक्त डोळ्यांतली माया गेली आहे. काका तर समोर शांतपणे गवत कापत असतात. भय वाटायला आणखी काही लागत नाही. पुढे कळते की, अवकाशातून आलेल्या बियांच्या प्रचंड शेंगांतून माणसांच्या हुबेहूब प्रती निपजतात आणि माणूस झोपला की त्याची जागा घेतात.

या शेंगा म्हणजे कोण? कोणी म्हणते कम्युनिस्ट, कोणी म्हणते सिनेटर मॅकार्थींच्या दहशतीत मान खाली घालून जगणारे अमेरिकन. हॉलिवूडमध्ये १९४७पासून काळी यादी होतीच. दोन्ही अर्थ बसतात आणि समीक्षक हा चित्रपटाचा गुण मानतात.

मला मात्र वेगळा प्रश्न पडतो, आणि तो माझाही नाही. नववीच्या वर्गाला ही कथा सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, काका खरेच असते, तर त्यांनी ते सिद्ध कसं केलं असतं?" मी निरुत्तर झालो. काकांनी जुन्या आठवणी अचूक सांगितल्या, तरी संशय फिटत नाही. 'दिसतो आपल्यासारखा, पण आपला नाही' हा आरोप खोडता येत नाही, आणि चित्रपट तो खरा ठरवतो. निर्मात्यांनी नंतर जोडलेल्या शेवटातही शेंगांनी भरलेल्या ट्रकचा अपघात माइल्सला खरा ठरवतो आणि फोन जातो तो एफबीआयला. उर्दूत ज्याला आपण बदगुमानी म्हणतो, तिचाच येथे विजय होतो.

रे ब्रॅडबरी यांच्या कथेवरील, जॅक आर्नल्ड दिग्दर्शित 'इट केम फ्रॉम आउटर स्पेस' (१९५३) याच्याशेजारी ठेवून पाहावा. येथेही परग्रहवासी गावकऱ्यांची रूपे घेतात. पण यान बिघडल्यामुळे ते अडकले आहेत, दुरुस्ती करून निघून जाणार आहेत. चिडलेला जमाव खाणीकडे धावतो तेव्हा हौशी खगोल-अभ्यासक जॉन पुटनम सुरुंगाने खाणीचे तोंड बुजवतो आणि त्यांना वेळ मिळवून देतो. ओलीस ठेवलेली माणसे सुखरूप परततात.

कलाकृती म्हणून सीगल यांचाच चित्रपट सरस आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. आर्नल्ड यांचा एका डोळ्याचा जीव आज हसू आणतो. पण त्या मुलीच्या प्रश्नाला थोडेफार उत्तर मिळते ते याच चित्रपटात. परक्याने आपले निर्दोषत्व सिद्ध करावे अशी अट पुटनम घालत नाही. तो आधी जमावाला अडवतो. पुढच्या वर्षी वर्गात मी दोन्ही कथा सांगणार आहे.