उभ्या अंगाचा हरभरा

पैनगंगेकाठी, इस्लापूरच्या काळ्या रानात सोयाबीन निघालं की त्याच ओलीवर हरभरा पेरला जातो. त्यात 'फुले विक्रम' असेल तर नजर बुडापासून वर न्यावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हा वाण 2016 मध्ये आला, यंत्राने काढता यावा म्हणून. जुना 'विजय' आधी फांद्या पसरतो, त्याचे तळचे घाटे ढेकळांना टेकतात. विक्रमची फांदी खोडातून निघते ती वरच वळते. झाड दोन फुटांच्या आसपास, आणि बुडाशी वीतभराहून जास्त जागा घाट्यांविना मोकळी. हार्वेस्टरचं पातं तिथूनच फिरतं. आंबेने झोंबणाऱ्या, चिरलेल्या बोटांनी ज्या बायांनी पहाटे हरभरा उपटलाय, त्यांना या मोकळ्या जागेचं मोल सांगावं लागत नाही. फांदीचा कोन बदलून केवढं काम साधलंय!

ती आंब मात्र जशीच्या तशी आहे, हे मला विशेष आवडतं. पान बोटांवर घ्या: कडेला बारीक दाते असलेल्या पानोळ्या, त्यांवर लव, आणि लवेच्या टोकाला मॅलिक व ऑक्झॅलिक आम्लाचे सूक्ष्म थेंब. शेंडे खुडून केलेल्या भाजीचा आंबटपणा इथलाच.

फूल जांभळट-गुलाबी, देशी हरभऱ्याचं. पाकळ्या उमलण्याआधीच आत परागीभवन उरकलेलं असतं. त्यामुळे शेजारच्या रानात दुसरा वाण असला तरी भेसळ क्वचितच होते, आणि निवडून ठेवलेलं घरचं बी पुढच्या रब्बीत त्याच वळणाचं उगवतं. इतक्या लहान फुलात केवढी शिस्त!

पण खरी चोखंदळ पारख थंडीबाबत आहे. हरभऱ्याला गारवा हवा, तरी दिवसरात्रीचं सरासरी तापमान 15 अंशांखाली गेलं की फूल येतं आणि घाटा न धरता गळतं. पंजाब-हरियाणात पहिला बहर असा वाया जाऊ शकतो. पैनगंगेकाठी डिसेंबरची रात्र कितीही झोंबली तरी दुपारचं ऊन ती कसर भरून काढतं. घाटा आधी हवेने फुगतो, दाणा मागाहून भरतो, म्हणून दाबून पाहिल्याशिवाय टहाळ घेऊ नये. भरलेल्या घाट्यात एक नाहीतर दोन दाणे, पिवळसर तांबूस, मध्यम आकाराचे, आणि प्रत्येकाला ती नेटकी, किंचित वळलेली चोच.